वाचणारा आणि अर्थ सांगणारा
दृष्टिहीन विद्यार्थी, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मराठी साहित्याचे पान

आपल्याकडे चातुर्मासात पोथी लावण्याची जी पद्धत होती, तिच्यात बहुधा दोन माणसे लागत. एक ओवी वाचणारा आणि दुसरा अर्थ सांगणारा. वाचणाऱ्याचे काम उच्चार सांभाळण्याचे. ओवी गाळायची नाही, बदलायची नाही, मनात आले म्हणून लांबवायची नाही. अर्थ सांगणाऱ्याला मात्र मोकळीक असे. तो दाखले देई, फाटे फोडी, कधी पाल्हाळही लावी. श्रोत्यांना त्याचा अर्थ पटला नाही तर ते म्हणू शकत, की ओवी पुन्हा वाचा. ही सोय होती, कारण ओवी अर्थाहून वेगळी ठेवलेली होती.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे दिव्यांग विद्यार्थ्यांचे शिक्षण कसे सोपे झाले, याच्या बातम्या गेली दोन-तीन वर्षे आपण वाचतो आहोत. त्या खोट्या नाहीत. पण त्यांत एक गोष्ट सहसा तपासली जात नाही. या यंत्रांनी वाचणारा आणि अर्थ सांगणारा ही दोन्ही आसने एकदम व्यापली आहेत, आणि ऐकणाऱ्याला आत्ता कोणत्या आसनावरून आवाज येतो आहे हे कळायला मार्ग ठेवलेला नाही. या लेखात मी मुख्यतः दृष्टिहीन विद्यार्थ्याचा आणि मराठी साहित्याच्या पानाचा विचार करणार आहे. प्रश्न तंत्रज्ञानाचा दिसतो. माझ्या मते तो समीक्षेचा आहे. वाचकाच्या हाती संहिता पोहोचली की तिची बदली पोहोचली, हा तो प्रश्न.

दुसऱ्याच्या डोळ्यांनी

दुसऱ्याकडून वाचून घेणे ही आपल्या परंपरेला नवी गोष्ट नाही. विदर्भातले गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) तान्हेपणीच दृष्टी गेलेले. त्यांनी लोकांकडून ग्रंथ वाचून घेतले, ऐकून ध्यानात ठेवले आणि चौतीस वर्षांच्या आयुष्यात शंभराहून अधिक ग्रंथांची रचना केली. ‘प्रज्ञाचक्षू’ हे बिरुद त्यांना लोकांनी दिले. आपण त्यांच्या प्रज्ञेचे कौतुक करतो, ते योग्यच आहे. पण त्या प्रज्ञेमागे वाचून दाखवणारी कितीतरी माणसे होती, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. ती कंटाळली असतील, अडखळली असतील, एखादे पान उलटायचे राहिलेही असेल. वाचकावर अवलंबून असलेल्या माणसाला हा धोका कायमचा असतो.

विसाव्या शतकात या अवलंबनाला पर्याय शोधले गेले. लुई ब्रेल याने १८२९ मध्ये ठिपक्यांची लिपी प्रसिद्ध केली होती. भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल १९५१ मध्ये ठरली. मुंबईत दादर आणि ताडदेव येथील अंधशाळा विसाव्या शतकाच्या आरंभीच उभ्या राहिल्या होत्या आणि १९५२ मध्ये नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था स्थापन झाली. तरी ब्रेलमध्ये निघाले ते मुख्यतः शालेय पुस्तक. साहित्य फार थोडे. महाविद्यालयात गेलेला विद्यार्थी ध्वनिफितींवर आणि ओळखीच्या वाचकांवरच राहिला.

१९७६ मध्ये अमेरिकेत रे कर्झवाइल यांनी छापील पान पाहून ते बोलून दाखवणारे यंत्र पुढे आणले. तेव्हा ते टेबल व्यापणारे आणि संस्थांनाच परवडणारे होते. आज तेच काम खिशातला फोन करतो. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने सुरू केलेला आणि पुढे जेम्स टेह या दुसऱ्या दृष्टिहीन तरुणाच्या साथीने वाढवलेला एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, आणि महागड्या परदेशी प्रणाली घेऊ न शकणाऱ्या कितीतरी भारतीय विद्यार्थ्यांच्या संगणकावर तो आहे. डेन्मार्कच्या हान्स योर्गेन विबर्ग यांच्या ‘बी माय आइज’ या ॲपवर २०१५ पासून दृष्टिहीन माणूस व्हिडिओ कॉल करून डोळस स्वयंसेवकाला विचारू शकत होता, की समोर काय आहे. मार्च २०२३ मध्ये त्याच ॲपने स्वयंसेवकाच्या जोडीला कृत्रिम बुद्धिमत्ता बसवली. आता फोटो काढायचा आणि वर्णन ऐकायचे. कोणाचे उपकार नाहीत, कोणाची वेळ सांभाळणे नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली होती आणि त्यांत पन्नास लाखांवर दृष्टिदोषाच्या होत्या. हे आकडे डोळ्यांसमोर ठेवले म्हणजे या स्वातंत्र्याची किंमत कळते. पुढे जी टीका येईल ती हे मोल मान्य करूनच.

‘चार गुरे’ आणि ‘गुरे चार’

प्रथम वाचणाऱ्याच्या आसनाकडे पाहू. मराठीचे लेखन उच्चारानुसार आहे, असे आपण शाळेत शिकतो. यंत्राला मराठी वाचायला लावले की हा समज किती सैल आहे ते कळते. च, ज आणि झ यांचे मराठीत दोन-दोन उच्चार आहेत आणि चिन्ह मात्र एकच. ‘चार गुरे’ म्हणताना च तालव्य असतो; ‘गुरे चार’ अशी आज्ञा केली की तोच च दंततालव्य होतो. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, हे फक्त उच्चाराने वेगळे. ‘जात’ या शब्दाचे उदाहरण तर मराठी साहित्याच्या गाभ्याशी जाते. ‘तो जात नाही’ या वाक्यातला ज आणि ‘जात’ या सामाजिक संस्थेतला ज एक नव्हे. दलित आत्मकथन ऐकणाऱ्या विद्यार्थ्याला ‘जात’ हा शब्द पानोपानी भेटणार. आवाजाने चुकीचा ज उच्चारला की क्षणभर वाक्य उलगडत नाही. मग मन ते दुरुस्त करते, आणि तोवर पुढचे वाक्य निघून गेलेले असते. डोळ्यांनी वाचणारा थांबू शकतो. कानांनी वाचणाऱ्याला प्रत्येक थांबण्यासाठी बटण दाबावे लागते.

दुसरी अडचण शेवटच्या अनुस्वाराची. ‘केलं’, ‘घरं’, ‘म्हटलं’ यांतला अनुस्वार अनुनासिक नाही. तो अ लांबवण्याची खूण आहे. हिंदी किंवा संस्कृतच्या वळणाने घडवलेला आवाज तिथे नाकात बोलतो किंवा ‘म्’ लावतो. प्रमाणभाषेतल्या ‘केले’मध्ये ही अडचण येत नाही. म्हणजे जे लेखन बोलीच्या जवळ जाते, ग्रामीण कथा, नाटकातले संवाद, आत्मकथने, तेच यंत्राच्या तोंडी अधिक बिघडते. शासकीय परिपत्रक ते अस्खलित वाचते.

तिसरी अडचण जुन्या पुस्तकांची. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम लागू झाले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यापूर्वीच्या पुस्तकांत ‘घरांत’, ‘नांव’, ‘केलें’, ‘नाहीं’ असे ठायी ठायी आहे. आपण ते पाहतो आणि डोळ्यांनीच वगळतो. यंत्र प्रत्येक टिंब इमानाने उच्चारते. हरिभाऊ आपटे यांची कादंबरी ऐकणाऱ्या विद्यार्थ्याला तिच्यातली सगळी पात्रे नाकात बोलतात असे वाटले तर दोष त्याचा नाही.

आणि कविता. गद्यात आपण ‘मन’ हा शब्द ‘मन्’ असा एका झटक्यात म्हणतो. वृत्तात मात्र त्यातली दोन्ही अक्षरे लघु म्हणून मोजली जातात. ‘मनाचे श्लोक’ भुजंगप्रयातात आहेत. लघु-गुरु-गुरु अशी चार आवर्तने, चरणात बारा अक्षरे. गद्याच्या सवयीने शेवटचा अ गिळणारा आवाज या वृत्तावर चालला की बाराची दहा होतात आणि चाल मोडते. मुक्तछंदाची गत याहून वाईट. तिथे ओळ कुठे तुटते यावरच कवितेचे बरेच काही उभे असते, आणि बोलणारे यंत्र ओळ तुटली हे सांगतेच असे नाही. ‘वाचले’ आणि ‘समजले’ यांच्या मध्ये ‘ऐकू आले कसे’ ही एक पायरी आहे. मराठीपुरते तरी त्या पायरीकडे फार थोडे लक्ष गेले आहे. मद्रासच्या आयआयटीत भारतीय भाषांच्या आवाजांवर चांगले काम चालू आहे, केंद्र सरकारचा ‘भाषिणी’ हा उपक्रम २०२२ पासून आहे, नवे आवाज जुन्यांपेक्षा कितीतरी माणसासारखे आहेत. पण माणसासारखा सूर आणि बरोबर उच्चार या दोन गोष्टी आहेत. गोड आवाजात म्हटलेला चुकीचा ‘ज’ चुकीचाच राहतो.

न ऐकू येणारी चूक

वरच्या चुकांचा निदान एक गुण आहे. त्या ऐकू येतात. त्यांची सवय होते, कान त्या दुरुस्त करतो. नव्या यंत्रांची चूक याच्या नेमकी उलट आहे.

छापील पानाच्या फोटोवरून अक्षरे ओळखणारी जुनी प्रणाली अक्षर-अक्षर पाहून निर्णय घेई. पान अस्पष्ट असले, शाई पसरलेली असली, निर्णयसागरच्या काळातला जुना खिळा असला की ती गोंधळे आणि काहीतरी अर्थहीन ओके. ऐकणाऱ्याला लगेच कळे, की इथे पान वाचले गेलेले नाही. कोणाला तरी विचारले पाहिजे. आजची भाषाप्रारूपे अशी ओकत नाहीत. आधीच्या शब्दांवरून पुढे काय येणे संभवते, याचा अंदाज हाच त्यांच्या रचनेचा पाया आहे. त्यामुळे पानावरची ओळ दिसली नाही तर तिथे शोभेल अशी ओळ त्या घालू शकतात. व्याकरण शुद्ध, संदर्भाला धरून, आणि मूळ पानावर नसलेली. डोळस माणूस पान समोर धरून ताडून पाहील. ज्याच्यासाठी हे साधन आहे, त्याच्याकडे ताडण्याचे साधनच नाही.

सामान्य गद्यात हे एखाद वेळी खपून जाईल. साहित्यात नेमके काय असते? अपेक्षित शब्दाच्या जागी आलेला अनपेक्षित शब्द. जी.एं.च्या वाक्यातले विशेषण, मर्ढेकरांच्या ओळीतला इंग्रजी शब्द, बोलीतले एखादे अपरिचित क्रियापद. संभवाच्या हिशेबाने हे सगळे ‘चुकीचे’ आहे. म्हणून ते ‘दुरुस्त’ होण्याचा धोका सर्वांत जास्त. लेखकाने जिथे कष्टाने वाट सोडली, तिथेच यंत्र त्याला वाटेवर आणून ठेवण्याचा संभव आहे. पाठ्यचिकित्सा करणाऱ्यांना हा प्रकार परिचित आहे. हस्तलिखिताची नक्कल करणारा अडाणी असला तर चुका करतो, पण त्या पकडता येतात. हुशार नकलकार कठीण पाठ काढून सोपा पाठ घालतो, आणि मूळ कायमचे झाकले जाते. दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या खिशात आज असा हुशार नकलकार बसला आहे.

त्याला लाजही वाटते, हे आणखी एक. माणूस वाचून दाखवत असताना काही शब्द गाळतो, हा अनुभव जुना आहे. शृंगाराचा परिच्छेद आला, शिवी आली, की वाचणाऱ्याचा आवाज खाली जातो किंवा पान उलटले जाते. साधा स्क्रीन रीडर या बाबतीत माणसापेक्षा प्रामाणिक. तो शिवी जशीच्या तशी उच्चारतो. पण संभाषण करणाऱ्या चॅटबॉटला सभ्यतेची कुंपणे घातलेली असतात, आणि ती आवश्यकही आहेत. मात्र नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’चे (१९७२) पान त्याच्यापुढे धरले तर तो ते मवाळ करील, सारांशावर नेईल किंवा नकार देईल, ही शक्यता खरी आहे. ज्या भाषेने मराठी कवितेचे सोवळे मोडले, ती भाषा वर्गातल्या एकाच विद्यार्थ्यापर्यंत सोवळी होऊन पोहोचणार. परीक्षेत प्रश्न मात्र सगळ्यांना एकच येणार, की या कवितेच्या भाषेचे वेगळेपण सांगा.

लेखनिकाने किती शिकलेले असावे

आता उलट दिशा. विद्यार्थी बोलतो आणि यंत्र लिहिते. या बाबतीत आपल्याकडे विचार झालेला आहे आणि तो बारकाईने पाहण्यासारखा आहे. परीक्षेला लेखनिक घेण्याचे नियम केंद्र सरकारने ऑगस्ट २०१८ मध्ये नव्याने घालून दिले. तासाला किमान वीस मिनिटे जादा वेळ हा त्यांतलाच. त्यांत एक अट अशी होती, की उमेदवाराने स्वतःचा लेखनिक आणला तर त्याचे शिक्षण उमेदवारापेक्षा एक पायरी खालचे असावे. कारण उघड आहे. लेखनिकाने हात द्यायचा, डोके नाही. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लेखनिकाचा हक्क ठरावीक टक्केवारीच्या अपंगत्वापुरता मर्यादित ठेवता येणार नाही, असे म्हटले. त्या उमेदवाराला लेखन-आकडीचा त्रास होता. म्हणजे हात देण्याचे क्षेत्र न्यायालयाने वाढवले, पण हात आणि डोके यांतली सीमा पुसली नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा लेखनिक ही सीमा सहज पुसतो. तो उमेदवारापेक्षा एक पायरी खाली नाही. त्याने सगळ्या विषयांची पुस्तके चाळलेली आहेत. बोललेले वाक्य अर्धवट राहिले तर तो ते पुरे करतो, शब्द अडला तर सुचवतो, वऱ्हाडीत किंवा अहिराणीच्या वळणाने बोललेले प्रमाण मराठीत लिहून देतो. यामुळे विद्यार्थ्यावर संशय घेतला जाईल, ही भीती आहेच. त्याहून मोठे नुकसान असे, की स्वतःच्या वाक्याचे बरे-वाईट कळण्याची संधीच त्याला मिळत नाही. लेखन शिकणे म्हणजे आपलेच अवघडलेले वाक्य समोर पाहणे आणि ते पुन्हा मांडणे. ते वाक्य न दाखवताच सरळ करून दिले तर शिकायचे काय? परीक्षेपुरता तरी यंत्रलेखनिक हेतुपुरस्सर अडाणी असायला हवा. ऐकेल ते लिहील, अधिक काही नाही. असा लेखनिक बनवणे तांत्रिकदृष्ट्या कठीण नाही. तो हवा असे कोणी सांगितले पाहिजे.

शुद्धलेखनाचाही प्रश्न याला जोडलेला आहे. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ यांतला भेद बोलण्यात पुष्कळदा ऐकूच येत नाही. ज्याचे सारे वाचन कानांनी होते, त्याने ऱ्हस्व-दीर्घ कुठून शिकावे? ब्रेलमध्ये इ आणि ई यांची चिन्हे वेगळी आहेत; बोटांना भेद कळतो. बोलणारी यंत्रे आल्यापासून ब्रेलची गरज संपली, असे जे म्हटले जाते ते म्हणूनच घातक आहे. ऐकणारा मजकूर जाणतो, पण अक्षर जाणायला बोटच लागते. संगणकाला जोडून ठिपके वर-खाली करणारी ब्रेल पट्टी आज उपलब्ध आहे. ती सामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेर आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नावाने जो पैसा उभा राहतो, त्यातला काही या पट्ट्यांवर खर्च झाला तर मराठीचे एम.ए. करणाऱ्या दृष्टिहीन मुलीला त्याचा उपयोग अधिक होईल.

सारांशाची भाकरी

या सगळ्यावर एक आक्षेप येणार आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. ज्याच्यापर्यंत कादंबरी पोहोचतच नव्हती त्याला निदान तिचा दोन पानी सारांश मिळतो आहे. पोटभर जेवलेल्याने उपाशी माणसाला भाकरी कशी चावावी हे सांगू नये. शिवाय डोळस विद्यार्थी तरी मूळ पुस्तक कुठे वाचतात? तेही गाइडेच वाचतात.

आक्षेपाचा दुसरा भाग खरा आहे, पण त्याचे उत्तर त्याच्यातच आहे. डोळस विद्यार्थी गाइड वाचतो तेव्हा मूळ पुस्तक ग्रंथालयाच्या कपाटात असते आणि त्याने ते न उघडणे ही त्याची निवड असते. दृष्टिहीन विद्यार्थ्यापुढे सारांशच असेल तर ती निवड नव्हे. पहिल्या भागाबद्दल इतकेच, की ‘काहीच नसण्यापेक्षा बरे’ या वाक्यावर दृष्टिहीनांचे शिक्षण फार वर्षे चालले आहे. त्यामुळेच बरोबरीची भाषा कायद्यात आणावी लागली. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा दया मागत नाही, वाजवी सोय हा हक्क सांगतो. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. हक्काच्या भाषेत सारांश हा मूळ मजकुराची भरपाई होऊ शकत नाही.

याचा अर्थ सारांश किंवा सोपे रूप नेहमीच वाईट, असा नाही. वाचन-अक्षमता असलेल्या मुलाला, बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाला लहान वाक्यांत उलगडलेला मजकूर हीच वाजवी सोय असू शकते. कर्णबधिर विद्यार्थ्यासाठी व्याख्यान चालू असताना पडद्यावर उमटणारी अक्षरे मोलाची आहेत. पण तिथेही प्राध्यापक बोलले ते शब्द उमटतात की त्यांचे आटोपशीर रूप, हे त्याला कळले पाहिजे. ज्याची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा आहे त्याला मराठी अक्षरे ही दुसरी भाषा असते, हेही विसरून चालणार नाही. गरजा वेगवेगळ्या आहेत, तत्त्व एकच. हे वाचन आहे की सांगणे, याची खूण हवी, आणि सांगणे असेल तर मूळ शेजारी हवे. पोथीपुढे बसलेल्या श्रोत्याला मिळत होते तेवढे तरी.

आपल्या कपाटातली फाइल

आता सर्वांत विसंगत गोष्टीकडे येतो, आणि ती आपल्या, म्हणजे साहित्यव्यवहार करणाऱ्यांच्या दाराशी आहे.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत निघालेले जवळजवळ प्रत्येक मराठी पुस्तक, प्रत्येक दिवाळी अंक संगणकावर जुळवलेला आहे. म्हणजे त्याची अक्षरे कोणा डीटीपी करणाऱ्याकडे, मुद्रकाकडे, प्रकाशकाकडे फाइलरूपाने होती. आपण ती कागदावर छापतो. विद्यार्थी त्या कागदाचा फोटो काढतो. मग अब्जावधी रुपयांची यंत्रणा त्या फोटोतून तीच अक्षरे पुन्हा ओळखण्याचा प्रयत्न करते आणि अडते तिथे अंदाज बांधते. अक्षराचे चित्र करायचे आणि चित्राचे पुन्हा अक्षर, या द्राविडी प्राणायामात जे हरवते, त्याची यादी वर दिली आहे. फाइलच दिली असती तर अर्ध्याहून अधिक प्रश्न उद्भवलेच नसते.

फाइल दिली तरी एक पेच राहतो. मराठी प्रकाशनव्यवसाय दीर्घकाळ श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांवर चालला. त्यांत पडद्यावर देवनागरी दिसते, पण आत साठवलेली चिन्हे रोमन असतात. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली, रफार शेवटी. स्क्रीन रीडरला ती केवळ निरर्थक रोमन अक्षरांची माळ. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. आपल्याकडे ती रुजायला फार वेळ लागला, आणि युनिकोडमधून केलेल्या पीडीएफमध्येही जोडाक्षरे आणि वेलांट्या पुष्कळदा जागच्या हलतात. मात्र जुन्या फाँटांतून युनिकोडमध्ये रूपांतर हे नियमांनी होणारे काम आहे. त्याला बुद्धिमत्ता लागत नाही, ना कृत्रिम ना नैसर्गिक. थोडी चिकाटी आणि एका मुद्रितशोधकाची नजर पुरते.

कायद्याची अडचण सांगायलाही जागा नाही. २०१२ च्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्यातच अपंग व्यक्तींसाठी सुगम प्रती करण्याची मुभा आली. २०१३ चा माराकेश करार मान्य करणारा भारत हा जगातला पहिला देश, २०१४ मध्ये. २०१६ पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय आहे. मुंबईच्या झेवियर्स महाविद्यालयातले दृष्टिहीनांसाठीचे केंद्र २००३ पासून हेच काम करते आहे. मार्ग बांधलेला आहे. त्यावरून मराठी साहित्याच्या गाड्या जात नाहीत. कारण प्रकाशकाला चोरीची भीती वाटते, संपादकाला हा आपला प्रश्न वाटत नाही, आणि लेखकाने कधी विचारलेलेच नसते.

१९०९ मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून मराठी वाचकाची दिवाळी फराळासोबत अंकाने साजरी होते, असे आपण अभिमानाने सांगतो. त्या ‘मराठी वाचका’त दृष्टिहीन वाचक किती अंकांनी धरलेला आहे? एखादा अंक युनिकोडमधल्या साध्या, शीर्षके नीट लावलेल्या फाइलच्या रूपात निघाला, चित्रांखाली कोणी संपादकाने चार ओळींचे वर्णन लिहिले, कवितेच्या ओळी ओळी म्हणून ठेवल्या, तर तो कोणत्याही फुकट स्क्रीन रीडरवर वाचता येईल. चित्राचे वर्णन यंत्राकडून करून घेण्यापेक्षा ज्याने चित्र निवडले त्याने केलेले अधिक अचूक असते, कारण ते चित्र तिथे का आहे हे त्याला ठाऊक असते.

कृत्रिम बुद्धिमत्ता नको असे म्हणण्याचा अधिकार डोळस समीक्षकाला नाही, आणि तसे म्हणणे शहाणपणाचेही नाही. बसची पाटी, औषधाचे वेष्टन, हातात पडलेले घाईचे पत्रक, वर्गातल्या फळ्याचा फोटो या ठिकाणी दुसरे कोणी नसताना ती आहे, हे मोठे काम आहे. जीव जिथे पणाला लागतो तिथे तिच्यावरही एकट्यावर विसंबू नये, हे खुद्द तिचे निर्मातेच सांगतात. माझा आक्षेप आपण तिच्या आड लपतो याला आहे. यंत्र वाचून दाखवीलच, म्हणून प्रकाशक फाइल देत नाही. यंत्र समजावून सांगेलच, म्हणून महाविद्यालय वाचक नेमत नाही. यंत्र लिहीलच, म्हणून ब्रेल शिकवणारा शिक्षक निवृत्त झाल्यावर ती जागा भरली जात नाही. जी मदत विद्यार्थ्याला मोकळे करण्यासाठी आली, तिने आधी आपल्याला जबाबदारीतून मोकळे केले.

अर्थ सांगणारे आता पुष्कळ झाले आहेत, आणि ते रात्री दोन वाजताही न थकता सांगतात. त्यांनी सांगितलेला अर्थ पटला नाही तर ‘ओवी पुन्हा वाचा’ असे म्हणता आले पाहिजे. ती ओवी विद्यार्थ्याच्या यंत्रात जशीच्या तशी असेल की नाही, हे कोणत्याही प्रयोगशाळेत ठरणार नाही. ते मराठी प्रकाशकांच्या, संपादकांच्या आणि लेखकांच्या टेबलावर ठरणार आहे, आणि त्यासाठी लागणारी फाइल आजही तिथेच पडून आहे.